पांढरा दिवा लावायचा नाही

चष्म्याच्या दुकानामागे एक कोंदट खोली असते. गिऱ्हाईक पुढे आरशात स्वतःला न्याहाळत असतं, तेव्हा मागे कुणीतरी त्याच्या नंबरच्या काचा घासत बसलेलं असतं. त्या खोलीत चिमणी काम करायची. चिमणी हे काही तिचं खरं नाव नव्हे, ते तिच्या दादाने लहानपणी ठेवलेलं. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका डबे उघडून घरची गाऱ्हाणी सांगत बसायच्या आणि चिमणी फोनवर ढग पाहायची. हिने कपडे वाळत घातले असणार, असं मालक चेष्टेने म्हणायचा. चिमणी हसायची आणि अमावास्येच्या रात्री ढग कुठे असतील ते पुन्हा एकदा पाहायची.

आकाश बघणाऱ्या हौशी माणसांची जातच निराळी. सगळं जग अमावास्येला दाराला कडी घालून बसतं आणि ही माणसं महिनाभर तिचीच वाट पाहतात. दूरच्या दीर्घिका आणि धुरकट तेजोमेघ चांदण्यात दिसत नाहीत, त्याला ठार काळोख लागतो. तो शोधायचा म्हणजे तयारी आली, आणि ती सगळी तयारी इंटरनेटवर. ढगांचा तासातासाचा अंदाज एका पानावर. दुसऱ्या पानावर अंधाराचा नकाशा, त्यात शहरं पांढरी आणि खरी काळोखी जागा काळी. तिसऱ्या ठिकाणी आपली दुर्बीण केवढी आहे ते सांगितलं की काय, कधी, कुठल्या दिशेला बघायचं ते मिळतं. आणि या सगळ्यांहून महत्त्वाचे म्हणजे जागांचे अहवाल. जो तिथे जाऊन आला त्याने लिहायचं, रस्ता कसा आहे, गाडी कुठे लावावी, कुत्री आहेत का. पुढचा माणूस त्या शब्दावर विसंबून निघतो.

विसंबावंच लागतं, कारण या लोकांचा एक नियम आहे. जागेवर पोचताना शेवटच्या वळणापासून गाडीचे दिवे बंद करायचे. डोळे अंधारात मुरायला अर्धा तास लागतो. पांढऱ्या उजेडाची एक तिरीप आली की सगळ्यांची मेहनत पाण्यात. लागलाच तर मिणमिणता लाल दिवा, तोही जमिनीकडे तोंड करून. त्यामुळे ही माणसं अंधारातच येतात, अंधारातच बोलतात, आणि वर्षानुवर्षं एकमेकांना आवाजाने आणि वेबसाइटवरच्या टोपणनावाने ओळखतात. तोंडं कुणी धड पाहिलेली नसतात.

चिमणीचा दादा तिथे घुबड या नावाने ओळखला जायचा. दिवसा वायरमन, लोकांच्या घरात उजेड करायचा, आणि सुट्टीच्या रात्री अंधार शोधत हिंडायचा. शहराबाहेरच्या माळावरची बंद पडलेली दगडाची खाण त्यानेच शोधलेली. आणि ही वेबसाइट चालवायचा तो कप्तान, पेशाने दातांचा डॉक्टर. लोकांना तोंड उघडायला लावून ‘दुखणार नाही हं’ असं सांगायची सवय असलेला माणूस. त्याचा आवाज मधासारखा, आणि त्याने लिहिलेली दीर्घिकांची वर्णनं वाचून भल्याभल्यांना आपले डोळे तपासून घ्यावेसे वाटायचे.

दादाच्या एक दिवस लक्षात आलं की ज्या रात्री कप्तानाने एवढं सगळं पाहिलं म्हणून लिहिलं होतं, त्या रात्री तिथे ढग होते. मग त्याने मागच्या रात्री ताडून पाहिल्या. कप्तान घराबाहेर पडतच नव्हता. दुसऱ्यांचं वाचून, थोडं मीठमसाला लावून घरबसल्या लिहीत होता. दादा भांडखोर नव्हता. त्याने कप्तानाला फोन करून सांगितलं की तुम्हीच चारचौघांत कबूल करा, नाहीतर मला बोलावं लागेल. कप्तान म्हणाला, गैरसमज आहे, अमावास्येला खाणीवर ये, शेजारी उभा राहून दाखवतो.

त्या संध्याकाळी दादाने थर्मासमध्ये चहा भरता भरता कप्तानाचा खाणीचा ताजा अहवाल मोठ्याने वाचला होता. ‘कालच जाऊन आलो. रस्ता ठणठणीत. शेवटच्या वळणापासून दिवे बंद करून या.’ चिमणी तेव्हा भांडी पुसत होती.

रस्ता पावसात खचलेला होता. वळणानंतरचा अर्धा भाग खाणीत गेलेला. दादाने दिवे बंद केले, कारण तो नियम पाळणारा माणूस होता. सकाळी त्याला वर काढेपर्यंत वेबसाइटवरचा अहवाल बदललेला होता. ‘रस्ता खचला आहे, कृपया जाऊ नका.’

चिमणीने घसा कोरडा होईपर्यंत सगळ्यांना सांगितलं. पोलिसांनी विचारलं, पुरावा काय? कप्तान सांत्वनाला आला, डोळे पुसले. आणि वहिनीने, दादाच्या बायकोने, त्याला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली, आणि पोलिसांच्या कागदावर ‘अपघात’ असं लिहिलेलं होतं त्याखाली सही केली. चिमणीने तिला जाब विचारला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “भांडून माणूस परत येतो का गं?”

त्या दिवसापासून चिमणीने डूख धरला. कप्तानावर तर होताच, पण एक बारीकसा वहिनीवरही होता. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच ओट्यावर स्वयंपाक करायच्या, आणि कामापुरतं बोलायच्या.

सूड घ्यायचा तर वाट पाहायची ताकद हवी, आणि काचा घासणाऱ्या माणसाकडे ती असते. तिने दादाची दुर्बीण पुसून काढली. ढगांची, अंधाराची, ग्रहताऱ्यांची ती सगळी पानं पाठ केली. रात्री गच्चीवर उभं राहून अंधुक गोष्टी बघायला शिकली. अंधुक वस्तूकडे सरळ पाहिलं की ती दिसेनाशी होते, जरा बाजूला पाहिलं की नजरेच्या कडेला उमटते. मग तिने वेबसाइटवर काजवा या नावाने लिहायला सुरुवात केली. अंधार मागणाऱ्यांच्या गावात काजवा, तरी कुणाला काही खटकलं नाही. तिचे अहवाल खरे होते आणि सुरेख होते. लोक वाहवा करू लागले. कप्तानाची वर्णनं आता कुणी उचलून धरेना, आणि कौतुकावर जगणाऱ्या माणसाला दुसरं काय मारतं? शेवटी त्यानेच लिहिलं, तुम्ही निरीक्षणाला कुठे जाता? कधी एकत्र बसू.

चिमणीने उत्तर दिलं, खाणीवर. रस्ता आता दुरुस्त झालाय. अमावास्येला या.

तिचा बेत साधा होता. दुर्बीण खाणीच्या कडेला लावायची. त्याचे डोळे अंधारात चांगले मुरू द्यायचे. मग दादाची मोठी, पांढऱ्या उजेडाची बॅटरी एकदम तोंडावर मारायची. त्यानंतर बराच वेळ माणूस आंधळा असतो. आंधळा माणूस घाबरून मागे सरकतो, आणि मागे कडा. धक्कासुद्धा द्यायला नको.

निघताना वहिनी दाराशी आली. तिला बेत ठाऊक नव्हता, पण बायकांना न सांगता बरंच कळतं. ती म्हणाली, “आज नको जाऊस. माझं ऐक.”

“तुझं ऐकलं म्हणूनच तो सुटला,” चिमणी म्हणाली. “तू सही केली नसतीस तर मला जावं लागलं नसतं.”

वहिनीने थर्मास पुढे केला. चिमणी तो न घेताच निघाली.

भाड्याची गाडी घेऊन ती माळावर पोचली तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. नवा रस्ता खाणीला वळसा घालून सपाटीवर येत होता, कडेला दगड रचलेले. पण सपाटी जिथे खाणीला भिडते तिथे काहीच नव्हतं, जमीन संपायची आणि खालून गार हवा वर यायची. साचलेल्या पाण्याचा, ओल्या दगडाचा वास. तिने दुर्बीण मांडली, बॅटरी कमरेला खोचली, आणि अंधार पडायची वाट पाहत बसली. भीती वाटत नव्हती. वर्षभर पोटात एक निखारा होता आणि आज तो तिला ऊब देत होता.

कप्तानाची गाडी वळणाच्या अलीकडेच थांबली. दिवे बंद करून पुढे यायची त्याची हिंमत झाली नसावी. तो लाल दिवा घेऊन चालत आला.

“काजवा?”

“हो. या.”

“बाई आहात होय. मला वाटलं…” तो हसला. तोच मधाळ आवाज. त्याने तिला दादाच्या घरी पाहिलं होतं, पण अंधारात तोंडं कुठे दिसतात. तो इकडचं तिकडचं बोलू लागला. हवा छान आहे, अंधार काय मस्त आहे, या जागेवर म्हणे एक दुर्दैवी अपघात झाला होता, गुणी माणूस होता हो. चिमणीच्या हाताची बोटं बॅटरीवर वळली. तिने ती सैल सोडली. त्याचे डोळे अजून मुरायचे होते.

मग त्यांच्या मागे खडीवर पाय वाजले.

सावकाश येणारे पाय. अशा जागी कुणी आलं तर नवल नसतं, आणि आलेल्यावर दिवा मारायचा नसतो. नुसतं विचारायचं असतं. कप्तानाने रीतीप्रमाणे हळूच विचारलं, “कोण?”

“घुबड.”

दादाचा आवाज. थकून घरी आल्यावर असायचा तसा, जरा बसलेला.

कप्तान कसनुसा हसला. “काजवा… तुम्ही बोललात का हे? असली थट्टा बरी नव्हे.”

“मी नाही बोलले,” चिमणी म्हणाली. पण बोलताना तिला जाणवलं की आपला घसा दुखतोय. पुष्कळ बोलून झाल्यावर दुखतो तसा.

तिने आवाजाच्या दिशेने पाहिलं. काही नव्हतं, तारे होते आणि माळ होता. मग सवयीने तिची नजर जरा बाजूला गेली. आणि कडेला तो उमटला. कप्तानाच्या अगदी खांद्यापाशी, काळोखाहून एक छटा काळा, मान किंचित वाकडी. तिने वळून पाहिलं, नव्हता. पुन्हा बाजूला पाहिलं. आता तो कप्तानाच्या आणखी जवळ होता.

“बघा,” तो आवाज म्हणाला.

कप्तानाला बघायचं नव्हतं. हे त्याच्या श्वासावरून कळत होतं. तरी तो वाकला आणि त्याने दुर्बिणीच्या आयपीसला डोळा लावला. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तो नीट बघत होता.

“काय दिसतंय?” आवाजाने विचारलं. “सांगा. तुम्ही छान वर्णन करता.”

“रस्ता…” कप्तान म्हणाला. “रस्ता दिसतोय. हे कसं… हे आकाश नाहीये. गाडीची काच आहे. स्टिअरिंगवर हात आहेत… हे माझे हात नाहीत.” त्याने डोळा काढायचा प्रयत्न केला. चिमणीला दिसलं, त्याचे दोन्ही हात दुर्बिणीला ढकलत होते आणि तोंड तिथेच चिकटून राहिलं होतं. “दिवे बंद आहेत. अहो, दिवे बंद आहेत… पुढे रस्ताच नाहीये… त्याला सांगा कुणीतरी…”

खाणीतून गार हवेचा एक लोट वर आला. दगडाच्या वासात आता पेट्रोलचा वास होता.

“मी इथे आलोच नव्हतो,” कप्तान पुटपुटू लागला. “देवाशप्पथ. घरी बसून लिहिलं होतं… नेहमी लिहायचो तसं. रस्ता खचलाय हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी कळलं तेव्हा घाबरून बदललं… मी त्याला मारलं नाही हो… मी पाहिलंच नव्हतं…”

चिमणीने ते ऐकलं. वर्षभर तिने धरून ठेवलेली गोष्ट वेगळीच होती. तिच्या गोष्टीत कप्तानाने खचलेला रस्ता डोळ्यांनी पाहिला होता, हसला होता, आणि मग लिहिलं होतं. इथे तर नुसता एक पोकळ, भित्रा, खोटारडा माणूस होता. तिला वाटलं आता राग जरा निवेल. पण निखारा होता तसाच राहिला. उलट त्याला वारा लागला.

“काजवा…” कप्तान रडत होता. “दिवा आहे का तुझ्याकडे? पांढरा दिवा… लाव ना. लाव, पाया पडतो. उजेड पडला की हे जाईल.”

बॅटरी तिच्या हातात होती. अंगठा बटणावर होता. ज्या बॅटरीने त्याला मारायचं होतं तिच्यामुळेच तो आता वाचला असता. नुसतं दाबायचं होतं.

“पांढरा दिवा लावायचा नाही,” ती म्हणाली. “नियम तुमचाच आहे.”

दुर्बिणीने त्याला सोडलं. तो सरळ उभा राहिला, पण दृश्यातून बाहेर आला नव्हता. त्याचे हात पुढे होऊन हवेत गोल फिरत होते, काहीतरी वळवू बघत होते. उजवा पाय जमिनीवर पुन्हा पुन्हा आपटत होता, ब्रेक लागावा म्हणून. तसाच तो चालत गेला. जमीन संपली तिथेही पाय आपटला. मग खूप खालून पाण्याचा आवाज आला, एकदाच.

माळ शांत झाला. चिमणी गुडघ्यांवर बसली. छातीत काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि तिला रडू आलं, वर्षभराचं. त्यात समाधान होतं, खोटं कशाला बोला. तिने अंधाराला म्हटलं, “झालं दादा. फिटलं. आता तू जा, शांतपणे जा.”

“कोण दादा?”

अगदी कानाशी. आणि हा आवाज दादाचा नव्हता.

तो कुणाचा होता हे तिला लगेच कळलं नाही. आपलाच आवाज आपण बाहेरून कधी ऐकलेला असतो?

“आता कोण?” त्या आवाजाने विचारलं. दरडावून नाही, सहज, दुकानात पुढचं गिऱ्हाईक बोलवावं तसं.

चिमणीने डोळे गच्च मिटले. कुणी नाही, असं ती मनात म्हणू लागली. कुणी नाही, कुणी नाही. पण मनाला नको म्हणावं तिथेच ते जातं. दाराशी उभी राहिलेली, थर्मास पुढे करणारी एक बाई तिच्या मिटल्या डोळ्यांसमोर आली. निमिषभरच. तिने तिला ढकलून बाहेर काढलं. उशीर झाला होता. खडीवर पाय वाजले, या खेपेला हलके, बाईमाणसाचे, आणि शहराच्या दिशेने निघून गेले.

तिने बॅटरी लावली. पांढऱ्या उजेडात माळ उघडा पडला. कुणी नव्हतं. दुर्बीण तिथेच टाकून ती गाडीकडे धावली, सगळे दिवे लावून उतारावरून सुटली. माळावर फोन लागत नाही. नाक्यापाशी पोचल्यावर रेंज आली तशी तिने गाडी आडवीतिडवी थांबवली आणि वहिनीला फोन लावला. घंटा वाजत राहिली. उचल गं, उचल, असं ती स्टिअरिंगला म्हणत होती.

वहिनीने उचलला. ती हसत होती. वर्षभरात चिमणीने तिला हसताना ऐकलं नव्हतं.

“अगं, गच्चीवरून फोन काय करतेस? येतेच आहे वर. चप्पल सापडत नाहीये.”

“वहिनी, मी गच्चीवर नाहीये. वहिनी, ऐक. दाराला कडी घाल. वर जाऊ नकोस.”

“हो गं, ऐकू येतंय, ओरडू नकोस.” वहिनी ऐकतच नव्हती, किंवा तिच्यापर्यंत पोचत होतं ते दुसरंच काहीतरी होतं. तिचा आवाज भरून आला होता. “मघाशी गळ्यात पडलीस ना, तेव्हा मला बोलताच आलं नाही बघ. मी रोज देवाला म्हणत होते, माझ्यावरचा हिचा राग एकदा जाऊ दे. आता तू म्हणशील ते बघते, आकाश तर आकाश.”

जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज येत होता. चिमणी फोनमध्ये ओरडत होती आणि तिचा आवाज गाडीच्या काचांना आपटून परत येत होता.

“फक्त त्या कठडा नसलेल्या बाजूला उभी राहू नकोस बाई,” वहिनी मायेने म्हणाली. “मला भीती वाटते.”

गच्चीचं दार करकरलं. वारा लागला. थोडा वेळ नुसता वाराच.

“तिथेच उभी आहेस ना वेडे,” वहिनी म्हणाली. “थांब, हलू नकोस. धर माझा हात.”